आबांची सात वर्षं

माझ्या बापाला लोकांनी चाळिशीतच म्हातारा करून टाकलं होतं, आणि त्यात बापाचाही थोडा हात होता. कंपनीतून आले की आबांची खाकी पँट खुंटीला लागायची आणि अंगात यायचा सफेद लेंगा, बिनकॉलरचा सदरा, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. तंबाखूने निम्मे दात गेलेले, उरलेले जायच्या वाटेवर. दाढी फक्त रविवारी. खर्डीच्या बाजारात त्यांच्या बरोबरीची माणसं त्यांना ‘बाबा’ म्हणायची आणि आबा खुशाल ‘काय रे पोरा’ म्हणून ओ द्यायचे.

त्यांचे सख्खे भाऊ नरेंद्र, म्हणजे माझे काका, कल्याणला सरकारी कचेरीत कारकून होते. आबांपेक्षा चार वर्षांनी मोठे, दिसायला दहा वर्षांनी लहान. महिन्याच्या महिन्याला केसांना रंग, सकाळी पांढरे बूट घालून तळ्याकाठी चालणं, रविवारी जीन्स. दोघे भाऊ एकत्र निघाले की मोठा कोण हे कोणी विचारत नसे, लोक परस्पर ठरवून टाकत. लग्नाच्या मांडवात आबांना खुर्ची मिळायची आणि काकांच्या हातात कोणीतरी भाजीची बादली द्यायचं. आबांना त्याची गंमत वाटायची. काकांना तर फारच.

मला वाटत नव्हती. नव्याण्णव साली मी अकरा वर्षांची होते. आबांबरोबर काकांच्या घरी नवे तांदूळ घेऊन गेले होते. जिन्यात त्यांचा शेजारी भेटला आणि म्हणाला, “हे तुमचे मोठे भाऊ का?” काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, “हो, हो. गावाला असतात.” आबा पिशवी या हातातून त्या हातात घेत हसले. परत येताना मी फणफणले, तर म्हणाले, “म्हणू दे गो. त्यानं काय आपला भात कमी पिकणार हाय?” आबा विसरले. मी विसरले नाही. माझा स्वभावच तसा आहे, एकदा अढी बसली की बसली.

आता आबांच्या नोकरीची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं लफडं तिथून सुरू झालं. पंचाहत्तर साली आटगावच्या बाजूला एक पाइपची कंपनी निघाली. आबा तेव्हा अठरा वर्षांचे, गालावर लव नाही, अंगावर मांस नाही. पहिल्या दिवशी फोरमनने त्यांना गेटवरूनच हाकललं. त्याला पोरं नको होती. पोरं महिनाभर टिकतात आणि पळतात, मला संसारी माणूस पाहिजे, असं तो म्हणाला. आबा घरी आले. दुसऱ्या दिवशी बापाचं धोतर नेसले, बापाचा ढगळ सदरा घातला, डोक्याला मुंडासं गुंडाळलं आणि त्याच गेटवर जाऊन उभे राहिले. फोरमनने ओळखलंच नाही. आत डॉक्टर बसला होता. त्याने विचारलं, “वय?” आबा म्हणाले, “पंचवीस.” डॉक्टरने धोतराकडे बघितलं आणि पंचवीस लिहिलं.

ही गोष्ट आबा आम्हाला दर दिवाळीला सांगायचे. मुंडासं कसं सुटत होतं, ते डाव्या हाताने कसं धरून ठेवलं होतं, सगळं करून दाखवायचे. मी आणि माझा भाऊ संदेश हसून हसून बेजार व्हायचो. त्या हशात हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, की डॉक्टरने लिहिलेलं वय पुसलं गेलेलं नाही.

दोन हजार आठच्या जानेवारीत आबांच्या हातात कंपनीचं पत्र पडलं. तीस जूनला तुम्ही अठ्ठावन्न वर्षांचे होत आहात, सबब त्या दिवसापासून सेवानिवृत्त. आबा खरे एकावन्नचे होते. मी डीएडच्या पहिल्या वर्षाला, संदेश नुकताच आयटीआयला लागलेला. घरचं भातशेत वर्षाच्या खाण्यापुरतं. आईला वाचता येत नव्हतं, तरी ती पत्र उलटसुलट करून बघत राहिली. त्या दिवसापासून आबांची झोप उडाली. दिवसा बसल्या जागी डोळे मिटायचे आणि दचकून उघडायचे.

युनियनचे जैतू पाटील भला माणूस. ते म्हणाले, “अर्ज करू. पण जन्माचा काहीतरी कागद आणा.” कागद कुठून आणणार? आबा शाळेचं तोंड न बघितलेले. ग्रामपंचायतीत त्या सालची नोंद नाही. माझी आजी चंद्राबाई तेवढी ठाम होती. “हा पोटात व्हता तवा आमी धम्म घेतला,” ती जैतू पाटलांना सांगू लागली. “घरातले देव टोपलीत भरून भातसा नदीत सोडले. माझ्या हातात टोपली आन पोटात हा लाथा मारीत व्हता. तीन महिन्यांनी झाला, भात झोडून झाल्यावर.” म्हणजे सत्तावन्न सालचा जानेवारी. हिशोब इतका पक्का, पण त्यावर शिक्का मारणार कोण? कंपनीने कळवलं, कागद नसेल तर आमचे डॉक्टर बघून ठरवतील.

बघून ठरवतील म्हटल्यावर आमच्या घरात एकच घाई झाली, आबांना तरुण करायची. आईने खर्डीहून काळ्या मेंदीचं पाकीट आणलं. संदेशने आपला टी-शर्ट आणि जीन्स दिली. टोपी काढून घेतली, टॉवेल काढून घेतला. आबा अंगणात खाली मान घालून बसले होते आणि आई त्यांच्या डोक्याला मेंदी थापत होती. “मान सरळ धरा,” ती म्हणाली, “लग्नात पण एवढं नटवलं नव्हतं तुमाला.” धुतल्यावर केस काळेभोर झाले. कानाची पाळीही झाली, तिचा रंग घासून घासून निघाला नाही. जीन्स पोटावर बसेना म्हणून वरचं बटण उघडं ठेवून त्यावर टी-शर्ट ओढला. मी त्यांना ‘छान दिसता’ म्हणाले. खोटं बोलले. माझा बाप त्या कपड्यांत दुसऱ्याच कोणाचा तरी बाप वाटत होता.

कंपनीच्या डॉक्टरने आबांना खुर्चीवर बसवलं, कान बघितला आणि हसला. म्हणाला, “बाबा, तरुण माणूस केस रंगवत नाही. तुमच्या कागदावर अठ्ठावन्न आहे, मला तर साठीचे वाटता.” आबा घरी आले, जीन्स काढून संदेशच्या खाटेवर घडी करून ठेवली आणि ओटीवर बसले. म्हणाले, “त्या दिशी धोतर नेसून म्हातारा झालो. आज प्यांट घालून आजून म्हातारा झालो.” आई आत गेली ती लवकर बाहेर आली नाही.

दोन दिवसांनी जैतू पाटील पुन्हा आले. “बाळाराम, तुझ्या वरचा कोण शाळेत गेलेला हाय काय? त्याचा दाखला चालंल. मोठ्याच्या आधी धाकटा जन्माला आला, असं कंपनीला म्हणता येणार नाय.” आबा म्हणाले, “नरेंद्र हाय.” काकांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्माचं साल त्रेपन्न. कंपनीच्या कागदात आबांचं साल पन्नास. एवढं सोपं होतं, आणि कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण आम्हीही आबांनाच मोठं समजायला लागलो होतो.

मार्चमध्ये मीच कल्याणला गेले. काका ट्रॅकपँट घालून चालून आले होते, घाम टिपत होते. मी सांगत गेले तसा त्यांचा टॉवेल थांबला. त्यांनी कपाटातून दाखला काढला, खाली जाऊन झेरॉक्स आणली, आपल्या ओळखपत्राचीही जोडली. वाटलं, काम झालं. कंपनीच्या साहेबांनी मात्र ओळखपत्रावरचा काकांचा फोटो बघितला, आबांचा बघितला आणि कागद बाजूला सारले. हा मोठा भाऊ असू शकत नाही, दाखला दुसऱ्याच कोणाचा असेल, पंधरा मेला त्यांना समक्ष आणा, असं म्हणाले. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, “येतो.” एवढंच. मी फोन ठेवला आणि आईला म्हणाले, “नाय येणार ते. चारचौघांत म्हातारा म्हणवून घ्यायची त्यांना हौस नाय.”

चौदा एप्रिलला माझी खात्रीच झाली. बाबासाहेबांच्या जयंतीला काका आले नाहीत असं माझ्या जन्मात झालं नव्हतं. नवा पांढरा शर्ट घालून मिरवणुकीत सगळ्यांत पुढे असायचे. या वर्षी निरोप आला, बरं वाटत नाही. आबा म्हणाले, “बरं नसंल त्याला.” मी म्हणाले, “आबा, तुमी किती साधे हाव.” आबा विहाराच्या पायरीवर बसून मिरवणूक बघत राहिले, आणि काकांवरचा माझा राग आणखी वाढला.

पंधरा मे. मी, आबा आणि जैतू पाटील कंपनीच्या गेटवर उभे. आबा आपल्या लेंगा-सदऱ्यात. आता सोंग नको, असं त्यांनीच ठरवलं होतं. अकराची वेळ होती. पावणेअकराला आटगाव स्टेशनकडून एक रिक्षा आली आणि त्यातून एक म्हातारा उतरला. बारीक कापलेले पांढरेशुभ्र केस, दोन दिवसांची पांढरी दाढी, साधा सदरा-लेंगा, पायात चपला. मी त्याच्या मागे बघत राहिले, रिक्षातून काका उतरतात का म्हणून. रिक्षा रिकामी वळली. म्हातारा माझ्यासमोर येऊन म्हणाला, “संघरत्ना, ओळख नाय का गो?”

अडीच महिने त्यांनी केसांना रंग लावला नव्हता. जयंतीला का आले नाहीत तेही तेव्हा कळलं. अर्धे पांढरे, अर्धे तांबूस अशा डोक्याने गावात यायची लाज वाटली होती. पण कल्याणला तसंच डोकं घेऊन रोज कचेरीत जात होते. “लोक विचारायचे, काय आजार झालाय,” काका आबांना सांगत होते. “तळ्यावर तर एकानं आजोबा म्हणून हाक मारली.” आबा त्यांच्या डोक्याकडे बघत राहिले. म्हणाले, “दादा, हे काय करून घेतलंस?” मला त्या गेटवर स्वतःची इतकी लाज वाटली, की मी काकांच्या चपलांकडेच बघत राहिले.

आत साहेब दोघांकडे आळीपाळीने बघू लागले. “यातले मोठे कोण?”

“मी,” काका म्हणाले. “चार वर्षांनी.”

साहेबांनी ओळखपत्राची झेरॉक्स वर धरली. “आणि हा फोटो?”

“तो पण माझाच. रंग लावलेला.” काका कचेरीतलं शुद्ध मराठी बोलत होते ते इथपर्यंत. पुढे गावचं मराठी आपोआप बाहेर आलं. “साहेब, आमच्या बापाला एकच पोर शाळंत घालता येत व्हतं. मला घातलं. गुरांमागं हा गेला. मी पंख्याखाली बसून नोकरी केली, हा तुमच्या भट्टीपुढं उभा राहिला. माजे केस काळे करायला मला सवड मिळाली ती यानं गावचं घर सांभाळलं म्हणून. लोक याला मोठा म्हणायचे, मी पण ‘हो’ म्हणायचो. बरं वाटायचं मला. पण हा माजा धाकटा भाव हाय. मी याला कडेवर घेऊन फिरवलाय.”

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. नऊ वर्षं मी जो राग जपला होता तो त्या खोलीत कुठे गेला ते मला कळलं नाही. साहेबांनी मूळ दाखला मागून घेतला, दोन्ही कागद शेजारी ठेवले, काकांच्या डोक्याकडे आणखी एकदा बघितलं आणि पेनाचं टोपण काढलं.

मे संपता संपता पत्र आलं. बाळाराम यांच्या जन्माचं साल सत्तावन्न धरावं, निवृत्ती दोन हजार पंधरा साली. मी ते अंगणात मोठ्याने वाचलं. आबा म्हणाले, “परत वाच.” परत वाचलं. आई म्हणाली, “आता मला वाचून दाखव,” जणू पहिल्या दोन वेळा ती तिथे नव्हतीच. संदेशने काकांना फोन लावून दिला. आबा फोनवर फक्त ‘दादा’ म्हणाले आणि पुढे बराच वेळ नुसताच कानाला धरून उभे राहिले.

मग त्यांनी हातपाय धुतले, ओटीवर चटई टाकली आणि आडवे झाले. दिवस मावळायचा होता. जानेवारीपासून उडालेली झोप त्यांना पडल्या पडल्या लागली. जेवायला मी हाक मारायला गेले तर आईने मला दंडाला धरून मागे ओढलं. शेजारची लहान पोरगी साखर मागायला आली, तिलाही तिने तोंडावर बोट ठेवून दारातूनच परत पाठवलं. आबा त्याच कुशीवर सकाळपर्यंत झोपले. पाच वाजता आईने चुलीवर चहा ठेवला, डबा बांधला आणि त्यांच्या उशाशी जाऊन बसली. मग त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाली, “उठा. कामावर जायचंय.”