केवढी सोय!

"पाव आणा, कापा, खा. केवढी सोय!" असं म्हणत आमचे शेजारी शिळ्या पावावरचा हिरवा डाग उजेडाकडे धरून कौतुकानं बघत. मग तेवढा भाग कापून टाकत आणि उरलेला चहात बुडवत.

भलत्याच गोष्टीच्या प्रेमात पडलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. यांचं प्रेम बुरशीवर. पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना नुकता सुरू झाला होता आणि ते औषध होतं बुरशीपासून. हे तिथं प्रयोगशाळेत, मी स्टोअर्समध्ये. माझं विज्ञान सकाळी बंब पेटवण्यापुरतं, आणि तोही बहुधा बायकोच पेटवी.

"वहिनी, चूल फुंकण्यात आयुष्य घालवू नका," ते हिला सांगत. "खडकीचा पाववाला दारात येतो."

"तुम्ही आधी चूल फुंकणारी आणा घरात," ही म्हणे.

त्यांनी आईला आणलं. कोकणातली म्हातारी, इथली पौषातली थंडी तिला नवी. "हाडात शिरते मेली," म्हणत ती दिवसभर शेगडीशी बसे. पाव तिला घरात चालत नसे. म्हणून तिचा शिकलेला लेक मफलर गुंडाळून बाहेर पायरीवर कुडकुडत पाव खाई.

त्याच थंडीत तिला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी इंजेक्शन आणायला सांगितलं, आमच्याच कारखान्याचं.

"कशाचं रे हे?" तिनं विचारलं.

दुसरा कोणीही "औषधाचं" म्हणून मोकळा झाला असता. हे उशाशी बसले आणि रंगात येऊन त्यांनी सगळं समजावून सांगितलं.

"बुरशी? भाकरीवर आली तर मी ती गायीपुढे ठेवत नाही, आणि अंगात घालून घेऊ? देवाला कोणतं तोंड दाखवू?" तिनं दंड गोधडीत ओढून घेतला.

आम्ही खूप विनवलं. शेवटी ही म्हणाली, "आजी, ते गंमत करत होते. तुळशीचा अर्क आहे तो."

म्हातारी हसली. "माझा लेक माझ्याशी खोटं बोलत नाही गो. तू सांग रे, तुळशीचा आहे?"

मी मागून खुणावत होतो, हो म्हणा, हो म्हणा. त्यांचे ओठ हलले. शब्द आला नाही.

तिची शुद्ध हरपल्यावर डॉक्टरांनी सुई टोचली. तोवर उशीर झाला होता.

दहाव्याला पवनेच्या काठी पिंड ठेवला. कावळा शिवला म्हणजे गेलेल्याचं मन कशात अडकलेलं नाही, असं मानणारे आम्ही. बाभळीवर कावळे होते, पण खाली एक उतरेना.

"काही राहिलं असेल तर बोला," गुरुजी म्हणाले.

मी पुढं होऊन म्हटलं, "आजी, यांचं लग्न आम्ही लावून देऊ." कावळे ढिम्म.

"आई, पाव सोडला," हे म्हणाले. काही नाही. मग अगदी हळू, "आई, खोटं बोलायला हवं होतं मी."

नदीवरून वारा बोचत होता. माझे दात वाजत होते आणि मन केव्हाच चहापाशी गेलं होतं. गुरुजींनी दर्भ वळायला घेतला. "दर्भाचा कावळा करून शिववला तरी चालतो. तशी सोय आहे."

"सोय नको, गुरुजी," ते म्हणाले. "थांबू थोडं."

आम्ही देवाधर्माची माणसं एकेक करून निघालो. चढावरून वळून पाहिलं, तर बुरशीवर प्रेम करणारा तो माणूस ओल्या पंचानं, उघड्या अंगानं तसाच बसला होता, बाभळीकडे मान वर करून.