गाद्या हलल्या नव्हत्या

"आज नको वाजवू रे. तुझ्या पाया पडतो."

"मेहुण्याच्या पाया पडून मला कुठल्या नरकात घालता दाजी? चाचणी आहे. वाजवावाच लागणार."

"तुझं सरकार अन् तुझी चाचणी! मेलेल्याची नाडी बघत बसा."

दाजी उंबऱ्यावर बसले होते. मागच्या भिंतीवर पुराच्या गाळाची रेघ अजून तशीच. भोंगेवाला त्यांच्यासमोर पान्हा हातात घेऊन उभा. तसा तो पाणीपुरवठ्याचा फिटर. पण वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार असा फोन आला, की पंपघराच्या गच्चीवर चढून भोंग्याचा दांडा फिरवायचं कामही त्याचंच. म्हणून नदीकाठची गल्ली त्याला भोंगेवाला म्हणायची, आणि बायकोला भोंगीण.

भोंगा दर पावसाळ्यात ऊठसूट वाजायचा. पाणी यायचं, पायरी चाटून जायचं. वरून हुकूम सुटायचा, खाली लोक हसायचे. मग गल्लीनं आपलं शहाणपण काढलं: भोंगा ऐकायचा नाही, भोंगिणीच्या गाद्या बघायच्या. नवऱ्याला आतली खबर असणारच. तिनं गाद्या माळ्यावर टाकल्या, की खरं. तीही फुशारकीनं सांगायची, "सरकार राहू द्या बाजूला, माझ्या खिडकीत बघा!" भोंगेवाला हसायचा. बायकोला गल्लीत मान आहे म्हणून आतून सुखावायचाही.

पूर आला त्या दिवशी पोटुशी लेक सासरी अवेळी अडली. भोंगीण पहाटेच पहिल्या गाडीनं निघाली, कुणाला सांगायला वेळच नव्हता. सकाळी धरणावरून फोन आला. भोंगेवाला गच्चीवर धावला आणि दंड भरून येईस्तोवर दांडा फिरवत राहिला. गल्ली खिडकीत डोकावली. गाद्या खाटेवरच होत्या.

त्याच्या आक्कानं चहाचं आधण ठेवलं. दाजी दळण आणायला चढावर गेले होते. जाताना म्हणाले, "निघायचं का गं?" ती म्हणाली, "भावजय हलली नाही अजून. तुम्ही आपलं पीठ आणा."

पाणी ओसरल्यावर आक्का सापडली ती वाण्याच्या शटरपाशी.

नंतर साहेब आले. भोंगा वाजला होता का? वाजला होता. संपली चौकशी. मदत वाटली, फवारणी झाली, आणि दर सोमवारी चाचणी ठरली: भोंगा वाजला, की सगळ्यांनी टेकडीवरच्या शाळेत जायचं. गाद्यांचं कुणी विचारलं नाही. कुणाला सांगणार, आणि काय म्हणून?

"तो आवाज आला, की ती चुलीपाशी दिसते मला," दाजी म्हणाले. "मी कानात बोळे घालून बसेन. तू वाजव."

"बोळे घालू नका. खरंच पाणी आलं तर?"

"येऊ दे की. आता काय न्यायचं राहिलंय?"

 पान्हा कमरेला खोचून भोंगेवाला पंपघराची शिडी चढला. वरून सगळी गल्ली दिसत होती. त्यानं दांडा धरला. भोंगा आधी कण्हला, मग आभाळभर झाला. बायाबाप्ये पोरं काखोटीला मारून टेकडीकडे निघाले. दाजी कानावर हात दाबून तिथंच.

खालून साहेब ओरडले, "बस्स! झाली चाचणी!"

भोंगेवाल्यानं ऐकलं. पण दाजी अजून उंबऱ्यावरच होते. त्यानं हात बदलला आणि दांडा फिरवत राहिला.