धुण्याचा दगड

माझ्याकडे शालींनी भरलेलं एक कपाट आहे. शालींच्या खाली एक पाकीट आहे. शालींबद्दल आमच्या अख्ख्या राजुरी गावाला ठाऊक आहे; पाकिटाबद्दल आजवर मी कोणाजवळही बोललेलो नाही. आज तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, माझ्या भाषणाला कधी समोर बसला नव्हतात — तेवढं पुरे.

आधी शाली कशा मिळतात ते सांगतो. मुद्दा जरा लांबेल. मला तो लांबलेला हवाच आहे.

मी हायस्कुलात इतिहास शिकवला. जुन्नर-आंबेगावात जयंती असो, स्मृतिदिन असो, कुठल्या स्तंभाचं अनावरण असो, वक्ता म्हणून मला बोलावतात. फ्लेक्सवर सगळ्यात खाली, नारळाएवढा, माझा फोटो असतो. आधी दीपप्रज्वलन, मग वाऱ्याने विझलेल्या दिव्याचं पुन्हा प्रज्वलन, मग सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार; इतिहासाला उरतात दहा मिनिटं. हे सगळं मला हास्यास्पद वाटतं, असं मी चारचौघांत म्हणतो. शाल मात्र नीट घडी घालून ठेवतो.

या मुलखात मी तीस वर्षं हिंडलो. लेणी, घाट, पाण्याची टाकी — जिथे म्हणून गेलो तिथे कोणीतरी गोरा साहेब माझ्या शंभर वर्षं आधी येऊन, सगळं मोजून, लिहून गेलेला. माझ्या नावावर एक फुटकी पायरीसुद्धा नाही. याचं दुःख होतं का माणसाला? होतं. हसू नका.

आणि मग सखारामला दगड सापडला.

सखाराम एसटीत कंडक्टर. जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगरात त्याची वाडी — भातखाचरं, हिरड्याची झाडं, तीसेक घरं. तिथल्या ओढ्यावर बायका पिढ्यान्‌पिढ्या एका लांबट दगडावर धुणी धूत आलेल्या. एका उन्हाळ्यात बांध घालताना तो दगड उलटला आणि पालथ्या बाजूला कोरीव काम निघालं. खाली ढाल-तलवार घेतलेला गडी आणि त्याच्या मागे गुरं; वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा; सगळ्यात वर महादेवाची पिंड, चंद्र आणि सूर्य. वीरगळ. गावाची गुरं राखताना पडलेल्या माणसाची खूण. अशा वीरगळी गावोगाव आहेत. पण हिच्या मधल्या पट्टीवर दोन ओळी कोरलेल्या होत्या. लेख असलेली वीरगळ — अशी कितीशी सापडते? त्यात इतकी वर्षं तोंड मातीत असल्यामुळे अक्षरं कालच कोरल्यासारखी.

दगड हिरड्याखाली उभा करून सखाराम सगळ्यात आधी माझ्याकडे आला. पुन्हा सांगतो, सगळ्यात आधी माझ्याकडे. म्हणाला, "आमच्या वाडीचं नाव कुठंच न्हाई, सर. ना बखरीत, ना नकाशात. ह्या दगडात आसंल."

मोबाईलमध्ये कॅमेरे यायच्या आधीची गोष्ट. मी माझा रोलचा कॅमेरा घेऊन गेलो, फोटो काढले. लिपी जुनी होती, मला वाचता आली नाही. पुण्याच्या एक जाणकार बाई महिन्याभराने येऊन कागदावर ठसा घेतील आणि वाचतील, असं ठरलं.

इथपर्यंत मी बरा माणूस होतो. निदान तसं मला वाटतं.

मग जुन्नरला एका जयंतीचा कार्यक्रम झाला. वक्ता मी, पण संयोजकांनी ऐनवेळी सखारामला पाच मिनिटं दिली. तो ड्यूटीवरून खाकी कपड्यांतच आलेला. माईक त्याने एसटीचा दांडा धरावा तसा धरला, आणि सांगत गेला — ओढा, बांध, उलटलेला दगड, मातीतून निघालेला तो गडी. मागे उभी असलेली माणसं आपसूक खाली बसली. मांडवात नुसता पंख्याचा आवाज. मग मी उठलो. दुसऱ्या मिनिटाला लोक चहाकडे सरकायला लागले. पहिल्या रांगेतले एक पागोटेवाले शेजाऱ्याला म्हणाले — आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटलं असावं — "कंडक्टरनं लई भारी सांगितलं, राव. ह्यांचं आपलं दरसाली तेच."

खोटं होतं का ते? नव्हतं. खोटं असतं तर मी झोपलो असतो.

पुढच्या सोमवारी सकाळच्या गाडीने मी वाडीत गेलो. सखारामची ड्यूटी त्या दिवशी नाशिकच्या गाडीवर होती. मी आगारात विचारून घेतलं होतं. ओढ्यावर हौसाबाई धुणं धूत होत्या. वाडीतल्या जाणत्या बाई. देवाधर्माचं सगळं त्यांच्या शब्दावर चाले. मी वर काठावर बसलो. पावसापाण्याचं बोललो. मग म्हणालो, "ज्याला इतकी वर्षं धोपटलंत, त्याची माफी मागितलीत का, बाई?"

त्यांचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "आवं सर, बाळंतिणीच्या गोधड्या आपटल्या आमी त्याच्यावर."

अंधश्रद्धेवर मी वर्गात किती तास घेतले असतील? देव कसा तयार होतो, हे मला पुस्तकं वाचून पाठ होतं. भीती कुठे असते आणि तिला बोट कुठे लावायचं, हेही. मी एवढंच म्हणालो, "उघडा उभाय बिचारा. शेंदूर तरी लावा."

झालं. एवढंच. दगडाला मी हातही लावला नाही.

आठवड्याभरात तेल आणि शेंदूर, थरावर थर — चंद्रसूर्यापासून तळापर्यंत. वर चांदीचे डोळे. नाव पडलं वीरोबा. ठरल्या दिवशी पुण्याच्या बाई आल्या, कागदाची गुंडाळी आणि ब्रश घेऊन, आणि त्या केशरी ढिगापुढे उभ्या राहिल्या. हे साफ करता येईल का, असं त्यांनी हळूच विचारलं. सखारामनेही वाडीला हात जोडले. हौसाबाई देवाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "देवाची कातडी सोलता व्हय?" पुण्याच्या बाई चहा पिऊन परत गेल्या.

सखाराम मला म्हणाला, चूक त्याचीच. त्यानेच दगड उभा केला, त्यानेच गावभर बोभाटा केला. झाकून ठेवला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हो — तेही मी केलं.

इथे थांबलो तर तुम्ही म्हणाल, सर, एका रागाच्या भरात बोलून गेलात. पण मी अजून पाकिटाशी आलेलो नाही.

त्याच संध्याकाळी जुन्नरच्या स्टँडवर सखारामने विचारलं, "सर, तुमच्या कॅमेऱ्यात तरी आसंल ना?"

राग तर तोवर उतरला होता. एक शब्द पुरे होता. मी म्हणालो, "रोलला उजेड लागला. सगळा काळा निघाला."

रोल काळा नव्हता. त्या पाकिटात फोटो आहेत, आणि ते लख्ख आलेत. अक्षर न्‌ अक्षर मोजता येतं. ती लिपी जाणणारा माणूस पाच मिनिटांत वाचेल. कोणत्या गावाची गुरं, कोण पडला, वाडीचं नाव काय — सगळं बहुधा त्या दोन ओळींत आहे. मी कोणाला दाखवलं नाही. दाखवलं तर तो शोध कोणाच्या नावावर लागेल, हे मला ठाऊक होतं.

आता दरवर्षी वीरोबाचा उत्सव होतो. फ्लेक्स, डीजे, आणि ऐतिहासिक महत्त्व सांगायला मी. शेंदूर लावण्याचा पहिला मान सखारामचा. हौसाबाई आता पार वाकल्यात. तरी पुढे येऊन, कान धरून, गोधड्यांची माफी मागतात. ती मागायला त्यांना शिकवणारा मी व्यासपीठावर बसलेला असतो.

यंदा केशरी बोटं गोणपाटाला पुसत सखाराम माझ्याशेजारी येऊन टेकला. म्हणाला, "आत हायेच की ते, सर. आपल्याला दिसत न्हाई, एवढंच."

आवाजात तक्रार नव्हती. दगडाकडे तो असा बघत होता, जणू त्याला शेंदराच्या आतलं वाचता येतंय. मला तेव्हा काय वाटलं असेल? लाज? मलाही आधी तसंच वाटलं. पण नाही — तो हेवाच होता, जुन्नरच्या मांडवातला तोच. फोटो माझ्याकडे आहे, आणि माझं बघणं तसं नाही.

यंदाची शाल डाळिंबी रंगाची मिळाली. घरी आल्यावर घडी घातली, आणि पाकिटावर ठेवली.