नायकाच्या आईबद्दल एक चिठ्ठी

मी मत देते. विचारलं तरी देते, नाही विचारलं तरी देते. सत्तावीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली, तिथे साहेबांनाही मत दिलं आणि त्यापायी दोन बदल्या भोगल्या. निवृत्त झाल्यावर मत ऐकायला घरात दोघंच उरली, आमचे हे आणि मुलगी. हे मी बोलायला लागले की टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून मी कॉलनीत पुस्तकांचा रविवार सुरू केला.

नाशिकरोडला आमच्या विहाराला लागून एक हॉल आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळची वंदना झाली की सतरंजी तशीच राहू द्यायची आणि सगळ्यांनी महिनाभर आळीपाळीने वाचलेल्या एका पुस्तकावर बोलायचं. पंधरा-सोळा माणसं येतात. दोन-तीन शिक्षिका, दोन निवृत्त रेल्वेवाले, बाकी घरचं उरकून वाचणाऱ्या बाया.

सुरुवातीला मतं तोंडी असायची. मग एकदा हॉलमधून घरी आल्यावर मुलगी म्हणाली, की आधी तू बोलतेस आणि मग सगळे तुझ्या तोंडाकडे बघत तेच बोलतात. मला राग आला, पण खोटं नव्हतं. चिठ्ठ्यांची पद्धत तिनेच काढली. एकाच मापाचे कागद वाटायचे, नाव लिहायचं नाही, घडी करून स्टीलच्या डब्यात टाकायचं आणि मी मोठ्याने वाचायचं. नियम मात्र माझा होता. डब्यात आलेला प्रत्येक कागद पूर्ण वाचायचा, एक शब्द गाळायचा नाही. कचेरीत आलेला कागद आवडला नाही म्हणून ड्रॉवरमध्ये ढकलणारे पुष्कळ पाहिले. मी कधी ढकलला नाही, आणि हे मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवते.

त्या महिन्यात आम्ही एक प्रेमाची आणि रहस्याची कादंबरी घेतली होती. घाटाखालचं लहानसं गाव, पोस्टात बदलून आलेली मुलगी आणि तिथला फोटो स्टुडिओवाला. दोघांचं जमतं. पण गाव कुजबुजतं, की याची पहिली बायको चार वर्षांपूर्वी नाहीशी झाली, यानेच तिला धरणात ढकललं. पोस्टातल्या मुलीला निनावी पत्रं येऊ लागतात. शेवटी कळतं, की बायको जिवंत आहे, आपल्या मर्जीने निघून गेली, रीतसर फारकतही झालेली आहे. हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं आणि त्याने या मुलीला सांगितलेलं नाही. अगदी शेवटच्या पानावर तो सांगायला येतो, तिच्या दाराची कडी वाजवतो, आणि तिथेच पुस्तक संपतं. तिने दार उघडलं की नाही, याचा पत्ता नाही.

मी पुस्तक मिटलं तेव्हाच माझं मत तयार होतं. दार उघडायचं नाही. लपवणारा माणूस तो लपवणाराच. हे मी ह्यांना सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, आणि मुलीला तर पंधरा दिवस ताटावर बसून ऐकवलं. ती मान खाली घालून जेवायची. मला वाटायचं, पटतंय.

आता मुलीबद्दल सांगायला हवं. तिचं लग्न ठरलं होतं आणि तेही याच सतरंजीवर. देवळाली कॅम्पातून बसने येणाऱ्या एक बाई वर्षभर आमच्यात बसत होत्या. यजमान फौजेतून निवृत्त झालेले, मुलगा अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर. बाई कमी बोलायच्या आणि पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायच्या. एवढ्यावर मला त्या आवडल्या. त्यांना माझी मुलगी आवडली, मुलामुलीने एकमेकांना पसंत केलं, साखरपुडा झाला. मंगल परिणयाच्या पत्रिका छापून घरात येऊन पडल्या होत्या. दिवस उरले होते एकवीस.

आणि एक गोष्ट आम्ही त्यांना सांगितली नव्हती. मुलीला कॉलेजात असताना फिट यायच्या. चांगले डॉक्टर मिळाले, औषध लागू पडलं, दोन वर्षं झाली एकही आली नव्हती. पण गोळी चालू होती, रोज रात्री नऊच्या ठोक्याला. मुलीला सांगायचं होतं. पाहायचा कार्यक्रम ठरला तेव्हा ती म्हणाली, आधी सांगूया. मी नको म्हटलं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी पुन्हा म्हणाली, मी पुन्हा नको म्हटलं. लोक फिट म्हटलं की पुढचं ऐकून घेत नाहीत, दोन स्थळं तशीच गेलेली होती, माझ्या डोळ्यांदेखत. लग्न होऊ दे, रुळलीस की सांग, असं मी म्हटलं आणि घरात अळीमिळी गुपचिळी झाली. मला त्यात खोटेपणा दिसलाच नाही. मला त्यात आई दिसत होती.

तर तो रविवार. डबा भरून आला. मी चष्मा लावला आणि वाचायला बसले.

पहिल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, की निनावी पत्रं कोण लिहितं ते मी चाळिसाव्या पानावर ओळखलं. हे आमच्या एका रेल्वेवाल्यांचं, ते प्रत्येक पुस्तकात चाळिसाव्या पानावर ओळखतात. एकीची तक्रार होती, की कुठल्या तालुक्याच्या पोस्टात काउंटरवरच्या मुलीला एवढा मोकळा वेळ असतो ते दाखवा, मी आजच अर्ज करते. एकीला धरणाचं वर्णन लांबलचक वाटलं. पाच-सहा चिठ्ठ्या माझ्यासारख्याच निघाल्या, दार उघडू नये म्हणणाऱ्या, आणि त्या मी जरा जास्तच जोरात वाचल्या असतील.

मग एक वेगळी निघाली. तिच्यात दोनच वाक्यं होती. ‘उशिरा आला, पण स्वतःहून आला. मी दार उघडलं असतं.’

मी हसले. चांगली खळखळून हसले. वर म्हटलं, की ज्या कुणी हे लिहिलंय त्यांच्या घरात उद्या कुणीही यावं, उशिरा आलो म्हणावं आणि चहा पिऊन जावं. सगळे हसले. मग मी पाच मिनिटं बोलले. लग्नाच्या आधी जे सांगायचं ते आधीच सांगायचं असतं, लपवून केलेला संसार म्हणजे भेगाळलेल्या माठात पाणी भरणं, वगैरे. माझा आवाज चांगला लागला होता. बायका माना डोलवत होत्या.

बोलून झाल्यावर पुढचा कागद उलगडला आणि अक्षर ओळखीचं निघालं. ते ओळखायला मला चष्म्याचीही गरज नव्हती, हाताला धरून मीच ते गिरवून घेतलेलं होतं.

‘नायकाने दोनदा सांगायचं ठरवलं होतं. दोन्ही वेळा त्याच्या आईने त्याला गप्प बसवलं. आपण सगळे नायकाला शिव्या देतोय. त्याच्या आईला कुणीच काही का म्हणत नाही?’

हे मी आधी मनात वाचलं. आणि खरं सांगते, कागद घडी करून खाली सरकवावा असं मनात आलं. कुणाला कळलंही नसतं. समोर कॅम्पातल्या बाई बसल्या होत्या, कव्हर घातलेलं पुस्तक मांडीवर घेऊन. मुलगी भिंतीला टेकून सतरंजीचा दोरा ओढत होती. पण नियम माझा होता, आणि तो मीच सगळ्यांना येताजाता ऐकवला होता. मी कागद मोठ्याने वाचला. एक शब्द गाळला नाही.

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, त्यातला कोरडा पाषाण त्या क्षणी सतरंजीवर चष्मा लावून बसला होता. मी तीनशे पानांची कादंबरी वाचली आणि त्यातली आई मला दिसलीच नाही. भाकऱ्या थापणारी एक बाई, एवढीच ती माझ्या लक्षात होती.

बाकीच्यांना काय कल्पना. ते उत्साहाने त्या आईवर तुटून पडले. एक शिक्षिका म्हणाल्या, खरी खलनायिका तीच, सून निघून गेली म्हणायची लाज वाटली म्हणून हरवली म्हणत राहिली आणि पोराला गावाच्या तोंडी दिलं. दुसरी म्हणाली, अगं, घाबरली असेल बिचारी, पोराचं परत जमेल की नाही म्हणून. त्यावर तिसरीने विचारलं, की मग घाबरून पोराचं भलं झालं का? मी आयुष्यात पहिल्यांदा त्या हॉलमध्ये गप्प बसले. कुणीतरी विचारलंसुद्धा, ताई, तुमचं काय मत? मी म्हटलं, विचार करते.

सगळे उठले तेव्हा मी मुलीला पाण्याच्या माठापाशी गाठलं. रागवायचं होतं, पण तोंडातून निघालं वेगळंच. मी विचारलं, तू सांगतेस की मी सांगू?

ती म्हणाली, “गप्प बसायला तू सांगितलंस. आता तूच सांग.”

विहीणबाई कॅम्पाच्या बससाठी बाहेर थांब्यावर पोचल्या होत्या. मी चपला न घालताच गेले, हे मला नंतर पाय भाजल्यावर कळलं. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. फिट कधीपासून, औषध कुठलं, मुलीला सांगायचं होतं आणि दोन्ही वेळा मी अडवलं. लग्न मोडायचं तर मोडा, पण तिला खोटी म्हणू नका, असंही म्हणाले. आवाजाचा मला एवढा भरवसा, आणि तो नेमका तिथेच गेला.

त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. बस आली, दार उघडून थांबली. त्या चढल्या नाहीत, बस निघून गेली. त्यांनी विचारलं, शेवटची फिट कधी आली होती? मी सांगितलं, दोन वर्षं झाली. गोळी चुकवत तर नाही ना? म्हटलं, नाही.

मग त्या म्हणाल्या, “मघाशी तुम्ही ज्या चिठ्ठीला हसलात, ती माझी होती.”

माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच थांबवलं. म्हणाल्या, “माझं मी सांगितलं. मुलाचं तो सांगेल. पण तिचं तिलाच त्याला सांगू दे, तुम्ही मध्ये पडू नका.”

संध्याकाळी मुलगी त्याला भेटायला गेली. मी घरात चार वेळा ओटा पुसला. ह्यांनी त्या दिवशी टीव्ही लावलाच नाही. ती आठच्या सुमारास आली, चपला काढल्या, फ्रिजमधलं पाणी प्यायली. मी विचारलं, काय म्हणाला?

रागावला, ती म्हणाली. गोळ्यांवरून नाही. साखरपुड्याला दिवसभर शेजारी बसून हसलीस आणि मला सांगितलं नाहीस, यावरून. मग म्हणाला, की पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा मी येणार, मला सगळं त्यांच्याकडून ऐकायचंय.

तारीख तीच राहिली का, असं मी विचारलं. राहिली, ती म्हणाली.

मी तिथेच खुर्चीवर बसले आणि रडले. ह्यांनी पाठीवर हात ठेवला. रडून झाल्यावर मला वाटलं, पोराला आपण स्वतः सांगायला हवं, की चूक माझी होती, तिच्यावर राग धरू नको. त्याला समजावून सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. मी फोन उचलला.

“आई,” मुलगी म्हणाली, “तू मध्ये पडू नकोस.”

एका दिवसात दोन घरांनी मला शब्दाला शब्द तेच सांगितलं. मी फोन खाली ठेवला. घड्याळात नऊ वाजायला आले होते, तिच्यासाठी पाण्याचा पेला भरून टेबलावर ठेवला आणि भाजी फोडणीला टाकायला गेले.