दहीभात खाणारं मांजर

निवृत्त पोलीस अधिकारी दिसला की लोक खुनाच्या आणि दरोड्याच्या हकिगती मागतात. माझ्याकडे त्याही आहेत आणि आग्रह झाला तर मी त्या सांगतोही. पण एकटा बसलो की मनात येते ती मैलापूरमधली एका मांजराच्या चोरीची तक्रार. खुनाच्या प्रकरणांनी मला कधी एवढं हळहळायला लावलं नाही.

मी तंजावरकडच्या मराठी घरातला, नोकरी सगळी चेन्नईत झाली. आपल्या बोलीत बोलणारा इन्स्पेक्टर ठाण्यात आहे, हे तिथल्या मराठी घरांना चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे भाडेकरूच्या कटकटीपासून जावयाच्या रुसव्यापर्यंत सगळं माझ्याच टेबलावर यायचं. त्या सकाळी एक निवृत्त शिक्षिका आल्या. वयाने मोठ्या, म्हणून मी त्यांना अक्का म्हणायचो आणि त्या मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. मागे त्यांचे यजमान उभे होते. कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले, मवाळ गृहस्थ. अख्खी गल्ली त्यांना रावसार म्हणायची.

"तंबी, आमच्या कुट्टीस कोणी नेलं," अक्का म्हणाल्या. "तिचं तोंड शिवलंय. औषध चुकलं तर ती मरेल."

कुट्टी म्हणजे त्यांची मांजरी. तिच्या हिरड्या सुजल्या होत्या, लाळ गळत होती. जनावरांच्या डॉक्टरांनी भूल देऊन तिच्या किडलेल्या दाढा काढल्या आणि टाके घातले. घरी पाठवताना बजावलं, तोंड दुखेल, मऊ खायला द्या, बाहेर सोडू नका. आणि एक-दोन दिवसांत खायला लागली नाही तर ताबडतोब घेऊन या, कारण उपाशी मांजराचं यकृत बिघडतं, लठ्ठ मांजराचं तर फारच लवकर. अक्कांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि दहीभात अगदी लोण्यासारखा कालवून पुढे ठेवला. कुट्टीने हुंगलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी अक्का देवळातून परतल्या तर मांजर जागेवर नाही. गल्लोगल्ली शोधण्यात आणखी दोन दिवस गेले, तेव्हा कुठे त्यांना पोलीस आठवले.

आमचा हेड कॉन्स्टेबल तमिळमध्ये पुटपुटला, "उद्या कावळा हरवला म्हणून येतील, सार." सीएसआरमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या तक्रारींच्या पहिल्या नोंदीत, अर्ज चढवला, पावती दिली आणि त्यालाच बरोबर घेऊन घर बघायला गेलो.

कुलूप शाबूत होतं. गेलेल्या वस्तू तीन: मांजर, तिची वेताची टोपली आणि दुखण्यावरच्या औषधाची बाटली. चोर औषध घेऊन जातो तेव्हा तो चोर नसतो, एवढं कळायला वर्दीची गरज नाही. न्हाणीघरात एका वेगळ्या बादलीत एकच पांढरा सदरा भिजत होता आणि पाण्यावर लिंबाच्या फोडी तरंगत होत्या. डाग पडला असेल, म्हणून मी पुढे गेलो. भिंतीवर कुट्टीचा फोटो होता. चांगली गोलमटोल.

"दहीभातावर एवढी?" मी विचारलं.

"आमच्या घरात दुसरं काय मिळणार, तंबी? पिलू होती तेव्हापासून दहीभातच," अक्का अभिमानाने म्हणाल्या. रावसार खिडकीबाहेर बघत राहिले.

खबर दुपारी मिळाली. हेड कॉन्स्टेबल बाजारात विचारपूस करत होता, तेव्हा मासे विकणाऱ्या एका बाईने त्याला हाक मारली. "मांजर शोधताय तर त्या काळ्या छत्रीवाल्या अय्यांना विचारा," ती म्हणाली. "कित्येक वर्षं माझ्याकडून मत्ती नेतात. गच्चीवर मांजराला घालतो म्हणतात." मत्ती म्हणजे आपली तारली. काळी छत्री रावसारांची.

सही राहिली आहे असं सांगून मी त्यांना ठाण्यावर बोलावलं. कॉफी मागवली. सराईत माणसाला उलटसुलट प्रश्न विचारावे लागतात. ज्याला खोटं बोलायची सवय नाही त्याला फक्त योग्य प्रश्न लागतो.

"अण्णा, कुट्टी आज जेवली का?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "नाही रे. उकडून, कुसकरून दिलों. जरा चाटली, मग तोंड फिरवली."

मग सगळं बाहेर आलं. कुट्टी दहीभाताला कधीच तोंड लावत नसे. अक्का देवळात गेल्या की रावसार तो कावळ्यांना घालत आणि गच्चीवर तिला मासा भरवत. दाढा काढल्यावर दारं बंद झाली, गच्ची बंद झाली आणि बंद घरात माशाचा वास लपला नसता. मांजर उपाशी राहिलेलं बघवेना, म्हणून त्यांनी तिला टोपलीत घालून गिंडीला एका मित्राच्या लेथच्या कारखान्यात नेलं. अक्कांबरोबर दिवसभर ते तिला शोधत फिरत आणि मधेच निमित्त काढून तिकडे जाऊन येत.

"खात नाही म्हटल्यावर डॉक्टरांकडे का नाही नेलंत?"

"ते हिला फोन करते. कापायच्या आधी त्यांनी विचारलं होतं, मांजर काय खाते म्हणून. ही म्हणाली दहीभात. मी बाजूस उभा होतों. तेव्हा बोललों नाही, आतां कुठल्या तोंडाने बोलूं?"

आम्ही जीप काढली. कारखान्याच्या मागच्या खोलीत कुट्टी टोपलीत पडली होती. एक गाल सुजला होता, कानांची आतली कातडी पिवळी पडली होती. अक्कांना निरोप धाडून तिथून थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी टाके तपासले. "एका जागी जखम पिकली आहे. दाढा काढल्यावर असं कधीकधी होतं, औषधाने आटोक्यात येतं," ते म्हणाले. "पण उपासानं यकृत गेलंय. ही मासा खाते हे मला माहीत असतं, तर पहिल्याच दिवशी माशाचं पाणी चाटवा म्हणून सांगितलं असतं." त्यांनी नळीने अन्न घातलं, सलाईन लावलं. अक्का आणि रावसार आळीपाळीने तिच्यापाशी बसत, एकमेकांशी न बोलता. आठवडाभरात कुट्टी गेली.

तक्रार मागे घ्यायला दोघं ठाण्यावर आले. रावसार दारातच थांबले. अक्कांनी सही केली, पेन जागेवर ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तंबी, मला ठाव होतं."

"काय ठाव होतं, अक्का?"

"सदऱ्यास वास यायचा. किती वर्षं यायचा. मला वाटायचं हे बाहेर जाऊन स्वतःच खातात. विचारले तर ह्यांची मान खाली जाईल, म्हणून विचारले नाही. लिंबाच्या पाण्यात सदरा वेगळा भिजवायची. लिंबं तरी कोण आणी? हेच. एवढी लिंबं कशास लागतात म्हणून ह्यांनीही कधी विचारलं नाही."

नोकरीभर मी लोकांना बोलतं केलं. दगडासारखे गप्प राहणारे गुन्हेगार माझ्यासमोर घडाघडा बोलले आणि त्याचा मला गर्वही होता. पण या दोघांनी एकमेकांची अब्रू जपण्यासाठी तोंड मिटून घेतलं होतं, तिथे कुठलं कलम लावणार? दोघांचं प्रेम खोटं नव्हतं. एका प्रश्नाने मांजर वाचलं असतं, आणि तो प्रश्न विचारायचं धैर्य त्या घरात कोणाला झालं नाही. तेव्हापासून माझ्या घरी काही खटकलं तर मी विचारून टाकतो. बायको म्हणते, निवृत्त झालात तरी जबानी घ्यायची सवय गेली नाही. म्हणू दे.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. रावसारांनी छत्री उघडून अक्कांच्या डोक्यावर धरली. समोर भाजीची गाडी उभी होती. सवयीने ते तिकडे वळले आणि म्हणाले, "लिंबं घेऊं का?"



"आतां कशास?" अक्का म्हणाल्या.