हेमलता अक्कांचा वॉशरचा डबा

दोंडाईच्यात हेमलता अक्कांचं नटबोल्टचं दुकान माझ्या पंक्चरच्या दुकानाला लागून आहे. संशय हा त्यांचा मूळ धंदा, नटबोल्ट हा जोडधंदा. दूधवाल्याने हसून नमस्कार केला, तर आज पाणी जास्त घातलंय म्हणतात. माझ्या हवेच्या मीटरवरही त्यांचा विश्वास नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

माल आला की पाकीट फाडायचं, एकेक बोल्ट उजेडात धरून डोक्यावरचा आकडा वाचायचा. ८.८ असेल तर साधारण दणकट, १०.९ असेल तर त्याहून ताकदीचा. खोटा छाप त्या बरोबर पकडत. वॉशरही पाकिटातून काढून सगळे एकाच डब्यात ओतत. "पाकिटवर कोनीबी काहीबी छापस," म्हणायच्या.

यंदा जत्रेच्या आधी आकाशपाळणेवाला अभिमन आला. पाळण्याचे बोल्ट बदलायचे होते. अक्कांनी १०.९चे बोल्ट काढून दिले.

"वॉशर तीनशे कडकपणाचेच द्या, अक्का," तो म्हणाला. "शंभर-दोनशेचा नरम पडतो. बोल्टखाली दबला की बोल्ट ढिला होतो. पोरं बसतात वर."

अक्कांनी डबा ओढला. एक वॉशर उलटा केला, सुलटा केला. मग दुसरा. आकडा कुठेच नव्हता. या वॉशरचा आकडा फक्त पाकिटावर असतो, आणि पाकिटं तर त्यांनी केव्हाच फाडून चुलीत घातली होती. नरम आणि कडक, सगळे सारखेच चकचकीत.

मला वाटलं, आता बाई मूठभर काढून देतील. कोणाला कळणार होतं?

"यामधला एकबी लेऊ नको, अभिमन," त्या म्हणाल्या. "कोनता कसा शे, मालेच ठाऊक नही."

मग चप्पल घालून त्या समोरच्या शालिग्राम शेठच्या दुकानात गेल्या. या शेठला त्या जन्मभर चोर म्हणत आल्या होत्या. तिथून तीनशेचं बंद पाकीट आणून त्यांनी अभिमनच्या हातात ठेवलं. चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा.

जत्रेत पाळणा उभा राहिला, पोरांची रांग लागली. अक्का रांग मोडून पुढे गेल्या. "पहिले मी बससू," म्हणाल्या. अभिमन गांगरला. तेवढ्यात त्यांना गर्दीत शालिग्राम शेठ दिसले.

"शालिग्राम, तू बी ये! माल तुनाच शे."

"मला चक्कर येते, अक्का."

"चक्कर येस, का पाकिटवर खोटं छापेल शे?"

सगळी रांग शेठकडे बघायला लागली. शेठ निमूट येऊन शेजारी बसले. पाळणा वर चढला, मी खाली उभा. या बाईवर मी किती चिडतो, तरी डोळे मिटून देवाचं नाव घेत होतो.

फेऱ्या संपल्या. अक्का पदर सावरत उतरल्या.

"मग, पटलं का आता?" शेठनी घाम पुसत विचारलं.

"पाळनावर भरोसा बसना," अक्का म्हणाल्या. "तुनावर नही."

आणि रांगेकडे वळून त्यांनी हाक दिली, "बसा रे पोरेहो."