वीतभर उचलायचा, नि थांबायचा

"वीतभर उचलायचा, नि थांबायचा," असं म्हणत चाचा लिव्हरवरचा हात काढून मांडीवर ठेवत. मागे ट्रकवाले बोंबलत असले तरी तो हात हलत नसे.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत एका कारखान्याची यंत्रसामग्री बोटीने कंटेनरमधून येत असे. धक्क्याजवळच्या आमच्या यार्डात ते उचलायला एक जुनाट अवाढव्य फोर्कलिफ्ट आणली होती. ती चालवायला चाचा. मूळचे हर्ण्याचे, दुबईच्या बंदरात बरीच वर्षं काढून परतलेले. मी तिथला स्टोअरकीपर.

माल उचलणाऱ्या सुळ्यांच्या मागे दोन उभे खांब असतात, हे तुम्हीही कुठे पाहिलं असेल. बाहेरचा पक्का, आतला वर सरकणारा. कंटेनर वीतभर उचलला की चाचा दोन्ही खांबांवरून खडूची एक आडवी रेघ ओढत. वजन तेलाच्या दाबावर पेललेलं असतं. सिलिंडरचं सील झिजलं की तेल निसटतं, आतला खांब गुपचूप खाली येतो आणि रेघ तुटते. शंभर मोजेपर्यंत रेघेकडे बघत राहण्याचं काम माझं.

"मीच का?" मी एकदा विचारलं.

"तुमास चष्मा हाय. बाकीच्यांस नुसते डोले हायत."

त्यांना परत दुबईला जायचं होतं. महिनाअखेरीच्या आत इथल्या नोकरीचं अनुभवपत्र एजंटला द्यायचं, एवढंच बाकी होतं. सही मॅनेजरसाहेबांची.

नेमकं तेव्हाच एके दिवशी शंभर मोजता मोजता साठाला रेघ तुटली. अगदी नखभर. चाचांनी कंटेनर खाली टेकवला, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "सील बदलल्याबिगर नाय."

बोट खोळंबली होती. साहेब तणतणत आले. "काही होत नाही, उचला." मग माझ्याकडे वळले. "काय हो, तुम्हाला दिसली का रेघ तुटलेली?"

मला दिसली होती. पण साहेबांचा चेहरा बघून मी म्हणालो, "नीट लक्ष नव्हतं, साहेब."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. मशीनची किल्ली साहेबांच्या हातात ठेवली आणि चालू लागले. पत्र अर्थातच मिळालं नाही.

दुसऱ्याच दिवशी मुंबईहून नवा ड्रायव्हर आला. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं आणि माझंही मन निवलं. चाचांनी कधी माल अधांतरी ठेवला नाही. हा मात्र जेवायच्या सुट्टीत कंटेनर वरच ठेवून गेला. भर एप्रिल होता, यार्डात झाड नव्हतं. साहेबांनी आपली नवीकोरी स्कूटर कंटेनरच्या सावलीत लावली. आम्ही डबे धुऊन आलो तेव्हा कंटेनर काही आवाज न करता स्कूटरवर बसला होता. आधी आम्ही हसलो. मग माझ्या ध्यानात आलं, सावली सापडेल तिथे रोज आमची चार माणसं वामकुक्षी घेत. त्या दिवशी ती बाजारात गेली होती, इतकंच.

साहेबांनी स्वतःहून पत्र टाइप करायला सांगितलं. शेवटची तारीख उलटून आठवडा झाला होता. तरी मी ते घेऊन एसटीने दापोलीमार्गे हर्ण्याला गेलो.

चाचा ओटीवर जाळं शिवत होते. त्यांनी पत्र सावकाश वाचलं. "छान टाइप केलाव," म्हणाले. "जागा भरली ती. माझ्या जाग्यावर दुसरा गेला."

चहा आला. त्यांनी घडी घालून पत्र खिशात ठेवलं.

"भाऊ, रेघ दिसली व्हती ना?"

"दिसली होती."

"मंग झाला," चाचा म्हणाले. "मला वाटला, माजेच डोले गेले."

आणि चष्मा नसलेले ते डोळे त्यांनी पुन्हा जाळ्याला लावले.